मूल कोणाच्या घरात राहतं

न्युरेंबर्ग, ९ सप्टेंबर २०१६

आईंना ग्रिगोरेचा नमस्कार.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि इलिंका 'हो', 'नाही', 'बरं' यापलीकडे जात नाही, म्हणून हे पत्र गावी पत्रं-खोकी पोचवणाऱ्या साव्हुच्या गाडीतून पाठवतोय. सोबत खोकं आहे. त्यात कॉफी, कपडे धुण्याची पावडर, इलिंकाचे बूट (एक माप मोठे घेतलेत, बाराव्या वर्षी पाय थांबत नाहीत) आणि तुमच्या गुडघ्यांचं मलम. गेल्या खेपेसारखं 'मलम वाटेत फुटलं' असं साव्हु म्हणाला तर मानू नका. नळी धातूची आहे, फुटत नाही.

आता कामाचं. इथलं जर्मन सरकार इथे राबणाऱ्या माणसाला त्याच्या मुलामागे दरमहा भत्ता देतं, मूल तिकडे रुमानियात असलं तरी. ईस्टरला मी हे तुम्हाला सांगितलं होतं. आमच्यातले बहुतेक जण यासाठी दलालाकडे जातात आणि तो आपला वाटा कापून घेतो. मी आठवी शिकलेला फरशीवाला, पण माझा अर्ज मी मांडीवर शब्दकोश घेऊन स्वतः भरला. नंतर आमच्या बरॅकीतल्या सगळ्यांचे मीच भरले. एकही परत आलेला नाही.

भत्त्याच्या कचेरीला आता आपल्या ग्रामकचेरीचा शिक्क्याचा दाखला हवाय : मूल कोणाच्या घरात राहतं? मी पहिल्यापासून लिहीत आलोय, 'वडिलांच्या घरात, ग्रुयेनी, घर क्रमांक ११८'. म्हणजे आपलं नवं घर. तुमचं ११७. मधे एक कुंपण, आणि त्या कुंपणालाही फाटक आहे. तेव्हा मी लिहिलं ते खोटं आहे असं कोणी म्हणू शकत नाही. तंतोतंत खरं आहे असंही नाही. सांधा जरा रुंद पडलाय, एवढंच.

ग्रामकचेरीतून लुक्रेत्सियाबाई चौकशीला येतील. त्याआधी तुम्ही दोघींनी नव्या घरात राहायला जावं. शेगडी पेटवा, धुराड्यातून धूर दिसला पाहिजे. दोरीवर कपडे वाळत घाला, त्यात माझा जुना सदराही असू द्या. सोफ्यावरचं प्लास्टिक काढू नका, वर गोधडी अंथरा.

इलिंकाने फोनवर विचारलं होतं, 'बाबा, तुम्ही दिवसभर काय करता?' तिला सांगा, सकाळी उठलो की आधी खिडकीबाहेरचा तापमापक बघतो, मग चहा. साखर नाही, लिंबाची फोड. दिवसभर हॉटेलाच्या न्हाणीघरांत फरशा बसवतो. बसवून झाल्या की सांध्यावरून नख फिरवायचं. डोळा फसतो, नख फसत नाही. संध्याकाळी शब्दकोशातले दहा शब्द पाठ करतो. माझ्या खोलीतला पाम्फिल म्हणतो मी घोरतो, आणि भिंतीवर बूट आपटतो. मी घोरत नाही. तो स्वतःच्याच घोरण्याने जागा होतो.

तुमचा
ग्रिगोरे

*

ग्रुयेनी, २० सप्टेंबर २०१६

ग्रिगोरे बाळा,

देव तुला बरं ठेवो. बूट बसले. मलम फुटलं नाही, अर्धं संपलेलं मात्र होतं. साव्हु गाडीतून टुणकन उडी मारून उतरला तेव्हाच मला कळलं.

ईस्टरला तू सांगितलंस म्हणतोस. सांगितलंस खरं, तोंडात कोकराचं मटण असताना, आणि मी बहिऱ्या कानाने ऐकलं असणार. असो. तुझ्या पत्रातलं मला एवढं समजलं, की नव्या घरात शेगडी पेटवायची. पेटवली.

पण जावईबुवा, ज्या धुराड्यातून बांधल्यापासून धूर गेला नाही, त्यात डोमकावळ्यांनी संसार थाटला होता. सगळा धूर खोलीत. मी दार उघडून खोकत बाहेर आले तर अर्धी आळी बादल्या घेऊन फाटकात उभी! शेजारीण म्हणते, "वेतुरिया, आम्हाला वाटलं घर पेटलं. चूल पेटली असेल असं काही मनात आलं नाही बाई." तिचा नवरा म्हणतो, "ग्रिगोरेने दोन मजले चढवले, संगमरवरी जिना केला, कठडे फ्रान्सच्या राजवाड्यासारखे. पण या घरात पहिल्यांदा जेवलं कोण? कावळे." मी त्याला झाडू दाखवला.

घरटं काढलं. आता ओढ चांगली आहे. कपडे वाळत घातले, तुझा सदराही.

आता तुला आवडणार नाही ते सांगते. इलिंकाने सोफ्यावरचं प्लास्टिक टराटरा फाडलं. झुंबराची किमतीची चिठ्ठी लोंबत होती, ती काढली. मी ओरडले. ती माझ्या बऱ्या कानाशी येऊन म्हणाली, "आजी, बाबा येणार आहेत ना? मग असं दुकानासारखं काय ठेवायचं?" आणि टेबलावर तीन ताटल्या मांडल्या. तेव्हापासून रोज तीन मांडते.

मी काय सांगणार? मलाही तेच वाटलं. चूल पेटवा, सदरा वाळत घाला, असं माणूस उगाच कशाला लिहील?

तुझी पत्रं ती बिस्किटाच्या डब्यात ठेवते. तुझ्या चहाचं वाचलं तेव्हापासून स्वतःही साखर घालत नाही, तोंड वाकडं करून पिते. तिची गणिताची वही पाठवतेय, बघ. भाजलेल्या वांग्या-मिरच्यांच्या बरण्या आहेत, त्या पाम्फिललाही दे. बूट आपटतो म्हणजे जागा असतो बिचारा.

येतोयस ना?

वेतुरिया

*

न्युरेंबर्ग, ३० सप्टेंबर २०१६

आईंना नमस्कार.

येणार असं मी लिहिलं नव्हतं. पत्र पुन्हा वाचून बघा. हॉटेल नोव्हेंबरअखेर द्यायचंय आणि चौथ्या मजल्यावर अजून एकही फरशी नाही. नाताळचं बघू. 'बघू' म्हणजे 'हो' नव्हे, हे इलिंकाला नीट सांगा, नाहीतर मागल्यासारखं होईल.

प्लास्टिकचं जाऊ द्या.

वही पाहिली. गणितं बरोबर आहेत. समास वाकडे आहेत. पट्टी सरकू नये म्हणून तिच्या दोन्ही टोकांना बोट ठेवायचं, एका टोकाला नाही. असं वहीत बारीक अक्षरात लिहून परत पाठवतोय. अक्षर साबिनासारखं आहे. तिच्या आईचा 'ग' असाच पोट सुटलेला दिसायचा.

लुक्रेत्सियाबाई आल्या की त्या मुलीलाच विचारतील, कोणाच्या घरात राहतेस? तिने म्हणावं, 'बाबांच्या घरात.' पुढे काही बोलायचं कारण नाही. घर माझं आहे, नोंद माझ्या नावावर आहे, ती त्यात झोपते आहे. यात खोटं काय?

मी हे सगळं तिच्यासाठीच करतोय हे तुम्ही जाणता. भत्त्याचा पैसा जातो कुठे? घरातच जातो. घर कोणाचं? तिचं. वरच्या मजल्यावर तिच्या लग्नाची मांडणी होईल, तुम्ही बघालच. तुमच्या पाकिटात मी दरमहा घालतो ते माझ्या मजुरीतलं असतं, ते वेगळं.

कळावे.

ग्रिगोरे

ता. क. तिसरी ताटली तिला मांडू नको म्हणा. उगाच घासायला एक जास्त.

*

ग्रुयेनी, ११ ऑक्टोबर २०१६

ग्रिगोरे,

झालं तुझं काम. लुक्रेत्सिया येऊन गेली. तिला मी आलुबुखाराची दारू दिली, एक घोट माझ्यासाठीही ओतला. माझ्या देवघरातल्या मेरीमातेची तसबीर मी नव्या घरात नेली नव्हती. तिच्यासमोर हे नको वाटलं.

लुक्रेत्सियाने खोल्या पाहिल्या. तुझा सदरा दोरीवरून आत घेतलेला होता, इलिंकाने त्याला इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर टांगला होता, कोणी आत्ता काढून ठेवावा तसा. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

मग त्या दोघी समोरासमोर बसल्या आणि पोरगी बोलायला लागली. तू म्हणालास दोन शब्द बोलायचे. ती शेगडीत लाकूड दोनदा घालावं लागलं तोवर बोलत होती! मला काही ऐकू येत नव्हतं, नुसती तिची हनुवटी हलताना दिसत होती. लुक्रेत्सिया आधी भराभर लिहीत होती. मग लिहायची थांबली. मग डोळे पुसले. जाताना माझ्या कानात ओरडली, "नशीबवान पोरगी आहे हो, वेतुरियामावशी! असा बाप कोणाला मिळतो!"

मी म्हटलं, हो बाई.

इलिंकाला विचारलं, काय सांगितलंस? म्हणाली, "जे विचारलं ते."

दाखला टपालाने परस्पर जाणार आहे म्हणे. आम्ही आता आमच्या घरी परत जाऊ का? त्या मोठ्या खोल्यांत मला माझीच पावलं दुसऱ्या कोणाची वाटतात.

वेतुरिया

*

न्युरेंबर्ग, २१ ऑक्टोबर २०१६

आई,

दाखला पोचला. कचेरीने मला नक्कल पाठवली, शिक्का ठळक आहे. भत्ता चालू राहील असं लेखी आलं. बरॅकीत सगळ्यांना दाखवलं. पाम्फिल म्हणाला, "तू वकील व्हायचास, चुकून गवंडी झालास." मी म्हटलं, गवंडी नव्हे, फरशीवाला.

एक बारीक गोष्ट. दाखल्यात म्हटलंय, 'मुलीचा जबाब सोबत जोडला आहे.' तो जबाब मला आलेला नाही. उद्या कचेरीने काही विचारलं तर माझं उत्तर त्याच्याशी जुळायला हवं. तेव्हा तुम्ही लुक्रेत्सियाबाईंकडे जाऊन तिने नेमकं काय सांगितलं ते विचारून घ्या. सारांश नको. जसंच्या तसं.

परत जायला हरकत नाही. शेगडी विझवताना राख काढून ठेवा, नाहीतर ओल धरते.

पुढच्या पगारात वरच्या मजल्याचे कठडे मागवतोय.

ग्रिगोरे

*

ग्रुयेनी, ८ नोव्हेंबर २०१६

जावईबुवा,

जसंच्या तसं हवं होतं ना? घे.

मी ग्रामकचेरीत गेले. लुक्रेत्सियाने कागद काढला आणि माझ्या कानात वाचून दाखवला. म्हणजे ओरडून दाखवला. बाहेर बाकावर बसलेल्यांनीही ऐकलं असेल.

तिने सांगितलंय, "मी माझ्या बाबांच्या घरात राहते. बाबा सकाळी उठले की आधी तापमापक बघतात आणि मला सांगतात आज टोपी घाल की नको. चहात साखर घालत नाहीत, लिंबाची फोड घालतात, म्हणून मीही तसाच पिते. माझी वही तपासतात तेव्हा समासावरून नख फिरवतात, कारण डोळा फसतो, नख फसत नाही. पट्टी सरकू नये म्हणून एका टोकाला त्यांचं बोट असतं, दुसऱ्या टोकाला माझं. संध्याकाळी आम्ही शब्दकोशातले दहा शब्द पाठ करतो, पाच ते, पाच मी. ते म्हणतात माझा 'ग' आईसारखा आहे. रात्री ते घोरतात. मी भिंतीवर बूट आपटते. पण ते कबूल करत नाहीत."

शेवटी लुक्रेत्सियाने विचारलं, बाबा कामाला जर्मनीत असतात ना? तर म्हणाली, "जातात. पण राहतात इथे."

ग्रिगोरे, मी सगळं ओळखलं. चहा ओळखला, नख ओळखलं. एकेक तुझ्या पत्रातलं. आधी मला वाटलं तूच तिला फोनवर पढवलंस. घरी येऊन तिला विचारलं, बाबाने शिकवलं का हे? तिने माझ्याकडे असं बघितलं की मी जन्मात विसरणार नाही. म्हणाली, "बाबांनी? बाबांनी मला काय शिकवलंय आजी?"

चूल मी पेटवली होती. सदरा मी दोरीवर घातला होता. पोरीच्या पुढ्यात आधी मी खोटं मांडलं, तिने फक्त ते भरलं. कबुलीला गेले तेव्हा पाद्र्याला सांगितलं. तो म्हणाला, म्हातारे, हे तुझ्या एकटीचं नाही. मी म्हटलं, दुसऱ्याची कबुली मी कशी देऊ?

आणखी एक. लुक्रेत्सिया बोलता बोलता म्हणाली, "बरं झालं ती बापाच्या घरात आहे. तुमच्या घरात असती तर जर्मनांचा पैसा नियमाने तुम्हाला मिळाला असता, त्याला नाही." मी तिला पुन्हा विचारलं. पुन्हा ओरडून सांगितलं. ज्याच्या घरात मूल, त्याला पैसा.

साबिना गेल्यापासून, म्हणजे सहा वर्षं, मूल माझ्या घरात आहे. तिच्या दाताला तार बसवायची तर मी गाय विकली. तू तेव्हा संगमरवर आणलास. पाकिटासाठी दर महिन्याला मी तुला दुवा द्यायचे, की जावई असून मुलासारखा स्वतःच्या मजुरीतलं देतो.

तुला हे ठाऊक होतं का? एवढंच लिही.

वेतुरिया

*

न्युरेंबर्ग, २५ नोव्हेंबर २०१६

आई,

ठाऊक होतं.

उशीर झाला. पत्र दोनदा लिहून फाडलं. त्यांत खुलासे फार होते.

अर्जाच्या मागच्या बाजूला तो नियम बारीक अक्षरात छापलेला असतो. बाकीच्यांचे अर्ज भरताना मी तो प्रत्येकाला वाचून दाखवलाय. मूल आजीकडे असेल तर आजीचं नाव लिही रे, असं एकाला मीच सांगितलं आणि त्याने लिहिलं. माझा अर्ज भरताना मी पान उलटलं नाही. शब्द कळला नाही म्हणायची सोय मला नाही.

तेव्हा मनाशी म्हटलं होतं, पैसा माझ्याकडे आला काय, आईंकडे गेला काय, पोरीचाच. आईंकडे गेला तर गाई-डुकरांत, बुटा-पुस्तकांत जिरून जाईल. माझ्याकडे राहिला तर उभा राहील, रस्त्यावरून दिसेल. गावात प्रत्येकाचं घर उभं राहत होतं. साबिना आजारी असताना मी इथे होतो. लोक काय म्हणत होते ते मला माहीत आहे. मला वाटलं, दोन मजले चढवले की तो आवाज वर पोचणार नाही.

तुमचं पत्र मी चौथ्या मजल्यावर वाचलं, जेवणाच्या सुट्टीत. नंतर फरशी बसवायला घेतली तर सांध्यावर नख टेकवेना. मुकादमाने विचारलं काय झालं. म्हटलं, हात आखडलाय.

कचेरीला मी पत्र लिहिलंय. या वेळी शब्दकोश लागला नाही, वाक्य सोपं होतं. 'माझी मुलगी २०१० पासून आजीच्या घरात राहते. मी चुकीचं लिहिलं.' उत्तर आलंय. आजवरचं सगळं परत मागणार. पुढचा भत्ता तुमच्या नावावर होईल, पण त्यासाठी पुन्हा चौकशी करून नवा दाखला हवा.

आणखी एक वाट त्यांनी ठेवलीय. सगळा पैसा आपल्याला पोचला असं आजीने लिहून दिलं, तर माझ्याकडून काही वसूल करणार नाहीत. तो कागद तुम्हाला येईल. त्यावर सही करू नका. पाकिटात जेवढं मिळालं तेवढंच लिहा. तुम्हाला खोटं बोलायला लावायची माझी पाळी एकदा होऊन गेली.

कठडे रद्द केले.

इलिंकाला काय सांगायचं मला कळत नाही.

ग्रिगोरे

*

ग्रुयेनी, ६ डिसेंबर २०१६

ग्रिगोरे,

तू खरं बोललास, छान केलंस. पण ते खरं कोणाच्या डोक्यावर पडलं ते ऐक.

लुक्रेत्सिया काल आली. या वेळी दारू घेतली नाही. तिचं म्हणणं, तिने शिक्का मारलेला जबाब खोटा ठरला, आता तिला वर उत्तर द्यावं लागेल. खरं आहे तिचं, तिचीही नोकरी आहे. तिने इलिंकाला समोर बसवलं आणि नवा कागद काढला. मी बऱ्या कानाला हात लावून शेजारी बसले, या वेळी ऐकायचंच म्हणून.

"इलिंका, तू आजीच्या घरात राहतेस, हो ना?"

"मी सांगितलं होतं एकदा."

"ते खोटं होतं, बाळ. तुझ्या बाबांनीच तसं लिहून दिलंय."

पोरगी पांढरी पडली. म्हणाली, "बाबांनी लिहिलं? मी खोटं बोलते म्हणून?"

"तसं नव्हे गं..."

"मी सही करणार नाही. तुम्हाला काय लिहायचं ते लिहा. मी खोटं बोलले नाही."

आणि उठून गेली. ती नव्या घरात जाऊन बसली, आतून कडी लावून, शेगडी न पेटवता. मी फाटकातून हाका मारल्या. उत्तर दिलं असेल तरी मला काय ऐकू येणार? शेवटी शेजाऱ्याने खिडकीतून उतरून तिला आणलं. बोटं निळी झाली होती.

शाळेत पसरलंय. ग्रामकचेरीच्या बाकावरच्या लोकांनी ऐकलं होतंच. मुलं भिंतीवर बूट आपटून दाखवतात तिला.

आज सेंट निकोलसचा सण. मुलं आदल्या संध्याकाळी बूट घासून दारात ठेवतात, तुला आठवतच असेल. गेल्या वर्षी तिने आपल्या बुटांशेजारी तुझे जुने बूटही मांडले होते. तुला मी कळवलं नव्हतं, म्हटलं उगाच जिवाला लागेल. या वर्षी तिने एकही बूट मांडला नाही.

तुझ्या त्या कागदाचं. मी म्हणत होते, करून टाकते सही, सगळं पोचलं म्हणून. घर तर उभं आहेच ना समोर, ते काय जर्मनांच्या घशात गेलंय? पण तू नको म्हणालास, तर नाही करत.

मात्र एक ऐक. तू तिकडे बसून तिकडच्या कचेरीला पत्र लिहिलंस आणि मोकळा झालास. पोरगी मोकळी झाली नाही. तिच्या वाटचं पत्राने होणार नाही.

वेतुरिया

*

ग्रुयेनी, २४ जानेवारी २०१७

ग्रिगोरे बाळा,

न्युरेंबर्गला नीट पोचलास, हे साव्हुने सांगितलं. सीमेवर बर्फात अडकलात म्हणे.

माझ्या पत्राला उत्तर येईल म्हणून डिसेंबरातल्या त्या रविवारी मी साव्हुच्या गाडीशी गेले होते आणि गाडीतून तूच उतरलास, पिशवी न घेता, हे आठवलं की अजून हसू येतं. अवजारांची पेटी तेवढी आणली होतीस. कपडे विसरलास, थापी विसरला नाहीस.

तू होतास तेव्हा बोलता आलं नाही ते लिहिते. ग्रामकचेरीत तू टोपी हातात घेऊन उभा राहिलास आणि बोललास, ते मला ऐकू आलं नव्हतं. तू गेल्यावर लुक्रेत्सियाने सांगितलं. तू म्हणालास म्हणे, "खोटं माझं आहे, बाई. पोरीने जे सांगितलं ते घडायला हवं होतं, ते मी घडू दिलं नाही. तिच्या नावापुढे 'खोटा जबाब' असं लिहू नका, माझ्या नावापुढे लिहा." आणि बाकावर बसलेल्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालास. लुक्रेत्सिया म्हणाली, "मला वाटलं माझ्याच कानात ओरडतोय." तिने जबाब मागे घेतला, माझ्या घराचा दाखला दिला. आता ती रस्त्यात इलिंकाला आधी नमस्कार करते.

इलिंका तुझ्याशी बोलत नव्हती, ते तू पाहिलंस. तू माझ्या शेगडीला बाहेरून मढवलेल्या, तडकलेल्या फरशा बदलत होतास, ती दारात उभी राहून बघायची आणि तू वळलास की निघून जायची. निघायच्या दिवशी तुझी एक फरशी बसवायची राहिली. मला म्हणालास, उन्हाळ्यात करतो. पेटीतला फरशी चिकटवायचा उरलेला मसाला गोणपाटात गुंडाळून कोपऱ्यात ठेवलास.

तू गेलास त्याच दुपारी मी अंगणातून आले, तर ती शेगडीसमोर गुडघ्यांवर. मसाला कालवून फरशी बसवली होती. वाकडी, आई गं, किती वाकडी! एक कोपरा बाहेर आलाय, त्यावर माझी बाही अडकते. मी म्हटलं, "कशाला हात लावलास? बाबा येऊन बसवणार होता." ती सांध्यावरून नख फिरवत होती. नख अडकत होतं, तिलाही कळत होतं.

म्हणाली, "बसवू देत की येऊन. तोवर माझी."

काय करू, सांग. काढून ठेवू? तुला दिसली तर तुझा जीव वरखाली होईल.

वेतुरिया

*

न्युरेंबर्ग, ३ फेब्रुवारी २०१७

आईंना नमस्कार.

भत्ता या महिन्यापासून तुमच्या नावावर येईल. तो तुमचा आहे. गाय घ्यायची तर घ्या. जुनं जे परत करायचंय ते कचेरी माझ्या मजुरीतून थोडं थोडं कापेल. पुष्कळ वर्षं चालेल. वरचा मजला तसाच राहू दे. धुराड्यात कावळे परतले तर त्यांना हाकलू नका.

मुकादमाशी बोललो. थंडीत इथे बाहेरची कामं बंदच असतात, मी आतली मागून घ्यायचो. या वर्षीपासून घेणार नाही. ऑक्टोबरअखेर, सेंट दुमित्रुच्या सणाला गावी येईन आणि ईस्टर झाल्यावर परतेन. तेवढे महिने मी कोणाच्या घरात राहतो असं कोणी विचारलं, तर उत्तर तुम्ही द्या. मला तुमचं ११७ चालेल, शेगडीजवळ जागा असली तर.

ती फरशी काढू नका. शेगडी चांगली तापली की सांध्याशी मेणबत्ती धरून बघा. ज्योत आत ओढली जात नसेल आणि धूर बाहेर येत नसेल, तर सांधा बरोबर आहे. बाकीचं मी आल्यावर फक्त बघेन. हात लावणार नाही.

इलिंकाला सांगा, मी घोरतो. पाम्फिलला विचारून खात्री करून घेतली आहे.

ग्रिगोरे